सरकवता न येणारी संख्या

सहा सह्या झाल्या होत्या. सातव्या रेघेखाली केतकी कुबलचं नाव छापलेलं होतं आणि वरची जागा कोरी होती. सभागृहातले सगळे त्या कोऱ्या जागेकडे पाहत होते, कारण ती भरली की जेवण होतं. जेवणात सुरमई आहे ही बातमी सकाळीच फुटली होती.

केतकीने पेनाला टोपण लावलं.

"चाचण्यांच्या यादीत दोनची चाचणी कुठे दिसत नाही," ती म्हणाली.

"दोनची म्हणजे?" अध्यक्ष धारपांनी घड्याळाकडे पाहिलं.

"शून्याची चाचणी आहे. एकची आहे, उणे एकची आहे. तिन्हींत यंत्र उत्तम उतरलंय. दोनची नाही, तीनची नाही, पुढची कुठलीच नाही. मी सही करणार नाही."

कुणीतरी हसलं. मग केतकी हसत नाहीये हे लक्षात आल्यावर ते हसू खोकल्यात घातलं गेलं.

साल २०४७, जुलैची वीस तारीख, ठिकाण रत्नागिरी. किनारा नौकानयन मंडळाची ही शेवटची बैठक होती, आणि एक ऑगस्टला पावसाळ्यातली बंदी उठून मासेमारी सुरू व्हायच्या आत कोकणातल्या प्रत्येक ट्रॉलरवर 'दिशाकडं' बसवायचं होतं. त्यामागे कारणही तसंच होतं. चार वर्षांपूर्वी अरबी समुद्रावर उपग्रहांचे खोटे संदेश पसरू लागले. कोण पसरवतं ते कुणी कबूल करेना. बोटीवरचा पडदा सांगे, तुम्ही बंदराच्या तोंडाशी आहात, आणि बोट असे खडकांच्या तोंडाशी. माणसं गेली, आणि मग 'ध्रुवरेखा' नावाच्या कंपनीने हे कडं आणलं. ते आकाशातल्या कुणालाही काही विचारत नव्हतं. बांगडीएवढी दोन कडी, एक तेलात तरंगणारं, दुसरं बोटीच्या फळीला पक्कं ठोकलेलं. बोट वळली की दोन्हींतल्या विद्युतलहरींत फरक पडे, आणि त्या फरकावरून बोट किती वळली ते यंत्र अचूक सांगे; वळण आणि वेग जोडून पडदा बोटीची जागा दाखवी. फक्त एक अट होती. जवळ चुंबक चालत नव्हतं. त्यामुळे कडं बसवताना आधी होकायंत्र काढून ठेवायचं, असा नियमच केला होता.

मंडळाच्या घटनेप्रमाणे सातही सह्या लागत. सातवी जागा बाहेरच्या गणितज्ञाची, आणि ती कणकवलीच्या कॉलेजातल्या केतकीला मिळाली होती. बहुधा ती कटकट करणार नाही अशा समजुतीने.

कंपनीतर्फे उभा राहिला तो निनाद गोगटे. केतकीचा विद्यार्थी, आणि चांगला विद्यार्थी.

"मॅडम, दोनच्या चालीतून जास्तीत जास्त एक स्थिर संख्या उरेल. ती आम्ही आधीच शून्य धरतो. शून्य कुठे धरायचं ते आपल्या हातात असतं. हे तुम्हीच शिकवलंत."

केतकीला ते वर्मी लागलं. कारण ते खरं होतं.

गोष्ट अशी आहे. कड्याच्या कडेने जो विद्युतप्रवाह धावतो, त्याला कडेवरच्या कडेवर सरकवायच्या अगणित चाली आहेत. सगळंच्या सगळं नुसतं फिरवा, ती शून्य क्रमांकाची चाल. एका बाजूला दाटी आणि समोर विरळ करा, ती एकची, आणि तिचीच जोडीदार उणे एकची. दोन ठिकाणी दाटी केली, म्हणजे कडं लंबगोल दाबल्यासारखं झालं, की दोनची. मग तीनची, चारची, आणि याला अंत नाही. या सगळ्या चालींच्या गोतावळ्याला गणितात अनंतमितीय ली बीजगणित म्हणतात. त्यात क्रमाला किंमत असते. आधी ही चाल मग ती, किंवा आधी ती मग ही, यांत फरक पडतो. पण तो फरकही त्याच कुटुंबातली एखादी चाल असतो, म्हणून घरातलं घरात मिटतं. कागदावरच्या वर्तुळापुरतं हे खरं आहे.

खऱ्या कड्यात, जिथे पुंजभौतिकीचे नियम चालतात, त्या फरकाबरोबर आणखी काहीतरी उरतं: एक उघडी संख्या. ती काही सरकवत नाही, कुणाच्या वाटेत येत नाही. न बोलता ओटीवर बसून राहिलेल्या पाहुण्यासारखी ती असते. तिला सामावून घेऊन कुटुंब मोठं केलं की त्याला केंद्रीय विस्तार म्हणायचं. ती संख्या केवढी, तेही ठरलेलं आहे. चालीच्या क्रमांकाचा घन घ्या, त्यातून तोच क्रमांक वजा करा, आणि त्या पदार्थाच्या एका ठरावीक आकड्याने गुणा. शून्यासाठी उत्तर शून्य. एकसाठी एक वजा एक, म्हणजे शून्यच. उणे एकसाठीही शून्य. दोनसाठी आठ वजा दोन, सहा. तीनसाठी चोवीस. दहासाठी नऊशे नव्वद.

म्हणजे अनंत चालींपैकी ज्या तीनच चालींत ही संख्या दिसू शकत नाही, नेमक्या त्या तीन चालींनी कंपनीने कडं तपासलं होतं. आणि मुद्दाम नव्हे. गणित शिकलेला कुणीही याच तीन चालींपासून सुरुवात करतो. त्या आपापसांत बंद होतात, सुटसुटीत असतात, फळ्यावर मावतात.

"निनाद," केतकी म्हणाली, "त्या संख्येत जो क्रमांक वजा होतो तेवढा भाग तू शून्य सरकवून घालवू शकतोस. घनाचा भाग नाही. शून्य कुठेही धर, तो जात नाही. आणि मी तुला शिकवलं हे खरंय. अकरा वर्षं मी फळ्यावर या तीनच चाली केल्या, कारण तास वेळेत संपतो. अर्धवट शिकवलं. पण त्याचे भोग बोटीवरच्या माणसांनी का भोगायचे?"

"समुद्रावर दोनची चाल येईल कुठून?"

"लाटांतून. नैऋत्येची लाट बोटीला एका अंगाने दाबते, पश्चिमेची दुसऱ्या अंगाने. फळीला ठोकलेलं कडं लंबगोल होतं, कधी असं, कधी तिरकं. लाटा कशाही आल्या असत्या तर अधिक-उणे होऊन फिटलं असतं. पण त्या ठरलेल्या क्रमाने येतात, म्हणून दर वेळी थोडं थोडं त्याच बाजूला साठतं. तुमचं यंत्र त्यालाच वळण समजेल. बोट सरळ जात असेल आणि पडदा म्हणेल वळली."

"कडं हलवून तपासायच्या आमच्या टेबलाला तीनच मोटारी आहेत," निनाद हळू आवाजात म्हणाला. "त्यावर ही चाल करताच येत नाही."

"मग समुद्रावर करून बघा."

धारपांनी कागद गोळा केले. "अठ्ठावीस तारखेला पुन्हा बसू. तोपर्यंत आकडे आणा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा सदस्य नेमावा लागेल. तारीख जाहीर झालेली आहे, बाई."

*

गावी, तारकोळ बंदरात, ती पोचायच्या आधी बातमी पोचली होती. तिचा थोरला भाऊ विनायक जेटीवर जाळं पसरून बसला होता. चारशे बारा बोटींच्या सोसायटीचा तो अध्यक्ष. कडी कोकणात यावीत म्हणून तीन वर्षं त्याने मुंबईच्या किती खेपा केल्या होत्या त्याला गणती नव्हती. आणि का केल्या होत्या ते बंदरात कुणी बोलून दाखवत नसे. त्याचा मुलगा निखिल, बावीस वर्षांचा, धुक्यात खोट्या उपग्रहाच्या भरवशावर कासवखडप नावाच्या खडकावर आपटून गेला होता. बंदरापासून जेमतेम दीड मैलावर.

विनायकने मान वर केली नाही. "सही केलंस नाय?"

"नाय, दादा."

"कित्याक?"

तिने सांगितलं. जाळ्याच्या दोरीचं कडं करून, दाबून दाखवलं. विनायकने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि बाजूला टाकलं.

"तुझा ता गणित माका कळणा नाय, आणि कळॉन घेवचाही नाय. माका इतक्याच कळता. एक तारखेक चारशे बारा होड्यो सुटतल्यो. धुक्या येतला. आणि माझ्या बयणीन एक सही केल्यान नाय म्हणान त्यांच्याकडे काय एक नसतला. आणखी कोणाचो झिल गेलो तर तू तेच्या आवशीक सांगशीत, दोनाचो घन आठ होता म्हणान?"

मुलगा गमावलेल्या आईला घन सांगायची ही भाषा ऐकून केतकीला रागच आला. निखिलला तिने अंकगणित शिकवलं होतं. त्याच्या नावाने तिला गप्प करायचा हक्क भावालासुद्धा नव्हता.

"सांगेन," ती म्हणाली. "आणि मी सही केली आणि मग कोणाचो गेलो, तर तू काय सांगशीत?"

विनायक उठला. त्याच्या बोटीवर, 'जलदुर्गे'वर, नमुन्याचं कडं महिनाभरापूर्वीच बसवलं होतं. खाडीत त्याने ते पन्नासदा चालवून पाहिलं होतं, एकदाही चुकलं नव्हतं.

"चल तर," तो म्हणाला. "उद्या सकाळी. तुझो घन खंय दडलो हा तो दाखव."

"बंदी आसा, दादा."

"बंदी मासे मारूक आसा. चाक फिरवूक नाय."

*

सकाळी आठला त्यांनी दोर सोडला. दोघांच्या अंगात जीवरक्षक जाकिटं, आणि बोटीवर तिसरं कुणी नाही. विनायकची अट होती: केबिनच्या काचांना तो बाहेरून ताडपत्री बांधणार. धुकं समजायचं. आत तो आणि पडदा. पडद्याबरहुकूम तो खाडीबाहेर जाईल, दोन मैलांवरच्या पिवळ्या बोयाला, त्या तरंगत्या खुणेला, वळसा घालील आणि परत येईल. केतकीने नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाशी, उभं राहायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही.

"मध्येच बोललंस तर तू हरलंस," त्याने बजावलं.

खाडीत कड्याने खरंच कमाल केली. आंधळ्या केबिनीतून विनायकने बोट पुलाच्या दोन खांबांमधून अशी काढली की केतकी स्वतःशीच म्हणाली, यंत्र वाईट नाहीये. ते अर्धं राहिलंय, एवढंच. तिला हेच तर कुणाला पटवता येत नव्हतं. लोकांना एक तर देव हवा असतो नाहीतर भामटा.

खाडीच्या तोंडाबाहेर समुद्राने त्यांना हातात घेतलं. जुलैचा समुद्र तो. नैऋत्येकडून लांब, जड लाट येत होती आणि तिच्यावर पश्चिमेच्या वाऱ्याची आखूड, चिडकी लाट चढत होती. बोट आधी डाव्या खांद्यावर दाबली जाई, मग नाकावर. आधी असं, मग तसं, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. केतकी दोराला धरून ते मोजत होती. थोड्या वेळाने तिने मोजणं सोडलं, कारण मोजायची गरज उरली नव्हती. बोया उजव्या हाताला दिसायला हवा होता. तो डावीकडे, चांगलाच लांब दिसत होता.

आतून विनायकचा आवाज आला. "बोयाक वळसो घातलो! बघतंस मां?"

ती गप्प राहिली. बोयाला वळसा पडलाच नव्हता.

परतीची लाट मागून ढकलत होती, बोट वेगात होती. ताडपत्रीआडून पुन्हा आवाज आला, आता खुशीत. "खाडीचा तोंड सरळ नाकासमोर! काय गो, वाचा गेली काय?"

खाडीचं तोंड उजव्या हाताला, मागे राहिलं होतं. नाकासमोर पांढरा फेस होता. फेस वर उठे, पसरे, आणि त्याच्या मधून काळी, गुळगुळीत पाठ दिसे. कासवखडप. केतकीने ते किनाऱ्यावरून चार वर्षं पाहिलं होतं. इतक्या जवळून पहिल्यांदा.

बोलली तर हरली. गेली हार खड्ड्यात.

"दादा, खडप! समोर खडप!"

"माझ्या पडद्यार खडप डाव्या अंगाक आसा, मैलभर लांब! उगीच भिवडवू नको!"

तिने वाद घातला नाही. नाळेवर दोर तोडायला ठेवलेला कोयता उचलला, मोकळ्या हाताने आधार धरत केबिनीपर्यंत गेली आणि ताडपत्रीचा दोर एका घावात तोडला. ताडपत्री वाऱ्याने उडाली, समुद्रात गेली. काचेपलीकडे विनायकचा चेहरा होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो फेस.

त्याने चाक पुरतं फिरवलं. बोट आडवी कलली, इंजिन किंचाळलं, कुठेतरी खाली एक पिंप सुटून आदळलं. खडप तीस-चाळीस हातांवरून गेलं. त्यावर आपटलेल्या लाटेचं पाणी दोघांच्या तोंडावर आलं.

बोट खोल पाण्यात आल्यावर विनायकने इंजिन मंद केलं. पडद्यावरची हिरवी रेघ अजून सुरेख, सरळ, थेट खाडीत शिरत होती.

"एकोणतीस अंश," केतकी म्हणाली. पडद्यावरची रेघ आणि खाडीचं खरं तोंड यांतला कोन ती मोजत होती. "सव्वा तासात."

विनायकने पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "तेच्या पडद्यार पण असाच दिसला असतला मां गो? निखिलच्या? सरळ खाडी... आणि तो खुशीत असतलो."

त्या दिवशी भाऊ-बहीण चार वर्षांत पहिल्यांदा निखिलसाठी एकत्र रडले. मग विनायकने डोळे पुसले आणि बोट डोळ्यांनी बघून घरी आणली.

*

अठ्ठावीस तारखेला केतकीने 'जलदुर्गे'वरच्या यंत्रात नोंदलेले आकडे मांडले. निनादने ते आधी बसून, मग उभं राहून वाचले. त्याचा चेहरा उतरला होता, पण त्याने लपवाछपवी केली नाही.

"मॅडमचं बरोबर आहे. घनाप्रमाणेच साठलंय. दुरुस्ती होऊ शकते. कड्याभोवती संवेदक लावून कुठल्या क्रमांकाची चाल किती वेळा झाली ते मोजायचं आणि तेवढी संख्या वजा करायची. सहा महिने लागतील."

"उत्तम," धारप म्हणाले. "मग आज मंजुरी देऊ आणि सहा महिन्यांनी दुरुस्ती बसवू. मंत्रिमहोदय एक तारखेला येतायत. नाहीतरी काहीच नसण्यापेक्षा हे बरं."

"हे काहीच नसण्यापेक्षा वाईट आहे," केतकी म्हणाली. "काहीच नसलं की माणूस घाबरून जपून जातो. शिवाय तुम्ही त्याचं होकायंत्र काढून घेताय."

"बाई, तुमच्या जागी सदस्य नेमायचं पत्र माझ्या खिशात आहे. ते काढायला लावू नका. आणि हे मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष मुद्दाम आलेत. तीन वर्षं त्यांनी या यंत्रासाठी पाठपुरावा केलाय. त्यांचं तरी ऐका. बोला, कुबल."

विनायक शेवटच्या रांगेत बसला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. तो पुढे आला. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही, निनादकडे पाहिलं.

"पोरा, एक तारखेक कंपास काढून ठेवून तू माझ्या होडयेर येशीत?"

निनादने नकारार्थी मान हलवली.

"बरा," विनायक म्हणाला. त्या उत्तराने त्याला राग आला नव्हता. मग तो धारपांकडे वळला. "सायब, माझ्या झिलाच्या होडयेर जा यंत्र होता, तेच्यार पण सह्यो होत्यो. कागद माझ्याकडे आसा. मी वाचलंय. सात जणांच्यो. तेंच्यातल्या एकान तरी 'नाय' म्हटलेला असता तर...?"

"हे पहा, त्याचा या विषयाशी..."

"माझो झिल गेलो. तेचो संबंध तुमच्या विषयाशी नाय, तर खंयच्या विषयाशी?" विनायकचा आवाज चढला. "तुमका पत्र काढूचा आसा तर काढा. दुसरो माणूस बसवा, तेची सही घेवा. पण तारकोळच्या चारशे बारा होड्यांत एकाय फळयेक तुमचो स्क्रू लागाचो नाय. मी उभो रवतलंय जेटीर. आमी कंपास घेवन जातलों, धुक्यात नांगर टाकून बसतलों, मासो कमी येतलो. येवंदे कमी."

धारपांचा हात खिशाकडे गेला होता तो तिथेच थांबला.

विनायकने मंजुरीचा कागद टेबलावरून उचलला, बहिणीच्या पुढ्यात ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"केतू," तो म्हणाला, "माका व्हया होता ह्या यंत्र. तुझ्यापेक्षा जास्त व्हया होता. म्हणान माझ्यासमोर लिही."

केतकीने टोपण काढलं. कोऱ्या जागेत तिने मोठ्या, स्पष्ट अक्षरांत 'नामंजूर' लिहिलं, त्याखाली आपलं पूर्ण नाव घातलं आणि सही केली. मग कागद धारपांकडे सरकवला.

"घ्या," ती म्हणाली. "सातवी सही."